को-वर्किंगमधले फोन बूथ: तयार, सुताराचे आणि नुसते नावाचे

चाळीस-पन्नास आसनांच्या को-वर्किंगमध्ये (अनेकांनी भाड्याने वाटून घेतलेल्या कार्यालयात) नेट चांगलं असो, खुर्च्या चांगल्या असोत, महिन्याभरात एक तक्रार येतेच: शेजारच्याच्या कॉलची. कोड लिहिणारा, व्हिडिओचं संकलन करणारी, पुस्तकाची मांडणी करणारा, या सगळ्यांचं काम मान खाली घालून करायचं. आणि यांतल्या प्रत्येकाला दिवसातून तीन-चारदा क्लायंटशी बोलावंही लागतं. सकाळी ज्याला शांतता हवी असते तोच दुपारी दुसऱ्याची शांतता मोडतो. ‘हळू बोला’ची पाटी लावून हे सुटत नाही, कारण बाहेरचा आवाज दाबणारा हेडफोन घातला की माणसाला स्वतःचाही आवाज नीट ऐकू येत नाही आणि तो नकळत चढ्या सुरात बोलू लागतो.

त्यावरचा इलाज म्हणून एकट्याने आत बसून बोलायचे बंद बूथ आले. फिनलंडमधल्या तांपेरे शहरातली फ्रेमरी ही कंपनी २०१० साली याच गरजेतून सुरू झाली. आज भारतात तयार बूथ मिळतात, आयात केलेलेही आणि इथल्या फर्निचरवाल्यांनी बनवलेलेही, आणि पुण्या-मुंबईत कितीतरी ठिकाणी इंटिरियरचं काम चालू असतानाच सुताराकडून चार खोकी करून घेतली जातात. तिसरा प्रकार म्हणजे वरून उघडे, नमद्याच्या (फेल्टच्या) तीन भिंतींचे कोनाडे. त्यांनाही विक्रेते बूथच म्हणतात.

निकाल आधीच सांगतो. तयार बूथ घ्यायचा असेल तर आयएसओ २३३५१-१ या, बूथमुळे बोलण्याची पातळी किती उतरते ते मोजणाऱ्या मानकाप्रमाणे चाचणी झालेला, निदान ‘बी’ वर्गाचा घ्या. सुताराकडून करून घेणार असाल तर पैसा भिंतींत कमी आणि दारात व हवेच्या वाटेत जास्त घाला. उघडे कोनाडे कॉलसाठी घेऊ नका. त्यांतला आवाज छतावर आपटून थेट हॉलमध्ये उतरतो. बसून वाचायला ते छान आहेत.

आता कारणं. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. काम करणाऱ्याचं लक्ष उडतं ते आवाज मोठा असतो म्हणून कमी आणि शब्द कळतात म्हणून जास्त. ‘बी’ वर्ग म्हणजे बोलण्याची पातळी २५ ते ३० डेसिबलने खाली येते. ‘ए’ म्हणजे ३० ते ३३, ‘ए प्लस’ त्याहून वर. ‘सी’ २० ते २५ आणि ‘डी’ १५ ते २०. ‘बी’ बूथच्या बाहेर एक मीटरवर ३० ते ३५ डेसिबल उरतात. हॉलमध्ये एसी, पंखे आणि कीबोर्ड मिळून ४० डेसिबलची सततची गुणगुण असेल तर त्यात हे बोलणं विरघळून जातं. कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. ‘डी’ बूथमधून ४० ते ४५ डेसिबल बाहेर येतात आणि शेजारच्या टेबलावर वाक्यच्या वाक्य ऐकू जातं.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. हॉल जितका शांत, तितका बूथ जास्त चांगला लागतो. जुन्या बंगल्यात, झाडांच्या आड, एसी बंद असताना पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबलपर्यंत उतरतो, आणि मग ‘बी’ बूथमधलंही बोलणं कानावर येतं. अशा जागी एक तर ‘ए’ वर्गाचा बूथ घ्यावा, नाहीतर बूथजवळचा एसीचा युनिट मंद गतीवर चालू ठेवावा. दुसरा उपाय जवळजवळ फुकट आहे.

विक्रेत्याच्या पत्रकातले आकडे मात्र डोळसपणे वाचावे लागतात. ‘एसटीसी ३८’ (एसटीसी म्हणजे किती आवाज अडतो याचा निर्देशांक) असं लिहिलेलं असतं तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा नुसत्या काचेचा किंवा नुसत्या भिंतीचा असतो. दार, फट, हवेची भोकं धरून अख्ख्या खोक्याचा नसतो. ‘एनआरसी ०.८५’ हा तर वेगळाच गुण आहे. आतल्या भिंतीवरचा नमदा किती आवाज शोषून घेतो एवढंच तो सांगतो. भिंतीपलीकडे किती जातो याच्याशी त्याचा संबंध नाही. भिंतीवर फोम चिकटवला म्हणजे आवाज अडला, हा समज इतका पक्का आहे की त्यापायी पैसे वाया जातात. आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. फोम फक्त आतली घुमघुम कमी करतो. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: संपूर्ण बूथचा, पंखा चालू असतानाचा, आयएसओ २३३५१-१ चा अहवाल आहे का? ‘नाही’ म्हणाला तर बूथ वाईटच असेल असं नाही, पण मग खाली दिलेली चाचणी स्वतः करून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

सुताराच्या बूथची भिंत सहसा बरी जमते. बाहेरून १८ मिमी प्लाय, मध्ये ५० मिमी रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर, घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेची), आतून १२.५ मिमी जिप्सम बोर्ड आणि त्यावर पॉलिस्टरचा नमदा, एवढं पुरतं. रॉकवूल ठासून भरू नये आणि अॅल्युमिनियमचा कागद चिकटवलेलं घेऊ नये, कारण तो कागद वाय-फाय अडवतो. स्वस्त पडतो म्हणून पोकळीत पीयू फोम भरू देऊ नका. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. बंद खोक्यात बसलेल्या माणसाच्या चारही बाजूंना असलं काही नको.

खरा घोळ होतो तो दारात. दार ७५ सेंमी रुंद आणि २ मीटर उंच धरा. सुतार गालिच्यावरून दार फिरावं म्हणून खाली १० मिमी फट सोडतो. ही फट दाराच्या क्षेत्रफळाच्या अवघा अर्धा टक्का. पण ढोबळ हिशोबाने या अर्ध्या टक्क्यामुळे ते दार २३ डेसिबलच्या पुढे आवाज अडवूच शकत नाही, मग काच १० मिमीची लावा की २० मिमीची. फट ३ मिमीवर आणली तर ही मर्यादा २८ वर जाते. म्हणून खाली उंबरा द्यावा, किंवा दार लावताना आपोआप खाली उतरणारी रबरी पट्टी बसवावी. बाकी तिन्ही बाजूंना पोकळ रबराची दाबली जाणारी पट्टी हवी, ब्रशची नको. ब्रश धूळ अडवतो, आवाज नाही. दार दाबून बसण्यासाठी रोलरवाली खटकी किंवा ओढून घट्ट होणारी मूठ बसवावी. नुसत्या चुंबकाने पट्टी दाबली जात नाही. चार बिजागऱ्या द्या. काचेचं दार ४० किलोंच्या आसपास जातं आणि तीन बिजागऱ्यांवर वर्षभरात खाली बसतं, की वरच्या कोपऱ्यात पुन्हा फट.

काच शक्य असेल तर दोन थरांची, मध्ये पडदा असलेली घ्यावी. ५+५ मिमीची लॅमिनेटेड काच १० मिमीच्या सलग टफन्ड काचेपेक्षा बोलण्याच्या वरच्या पट्ट्या जास्त दाबते, आणि फुटली तरी अंगावर येत नाही. समोरासमोर दोन काचा ठेवू नयेत. टाळी वाजवली की त्यांच्यामध्ये आवाज टुणटुण आपटत राहतो आणि पलीकडच्या माणसाला आपण डब्यात बोलतोय असं वाटतं. निदान दोन लागून असलेल्या भिंती नमद्याच्या हव्यात. त्यातही मीटरभर रुंदीच्या खोक्यात साधारण १७० हर्ट्झला आवाज घुमतो, आणि भारी आवाजाच्या माणसाच्या बोलण्यातला बराच जोर याच खालच्या पट्ट्यांत असतो. ९ मिमीचा नमदा ही घुमघुम शोषू शकत नाही. पाठीमागच्या भिंतीवर जिप्सम बोर्ड न लावता ५० मिमी रॉकवूल जाळीदार कापडाने मढवून उघडं ठेवलं तर बराच फरक पडतो. मात्र तिथे बाहेरच्या बाजूला १८ मिमी प्लायचे दोन थर द्यावे लागतात.

एवढं सगळं करून बूथ हवाबंद झाला की दुसरं संकट उभं राहतं, आणि आमच्या मते बहुतेक बूथ नापास होतात ते इथेच. बसून बोलणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बूथच्या आत हवा किती? सुमारे १.८ घनमीटर, म्हणजे १,८०० लिटर. हवा खेळती नसेल तर दर मिनिटाला १६० पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत १६० भागांपेक्षा) जास्त वाढ होते. हॉल ८०० पीपीएमवर असेल तर वीस मिनिटांच्या कॉलअखेर आत ४,००० च्या वर आकडा जातो. डोकं जड होतं, जांभया येतात, आणि माणूस दार उघडं ठेवून बोलू लागतो. मग त्या महागड्या काचेला काही अर्थच उरत नाही.

कार्बन डायऑक्साइडसाठी तासाला ४५ घनमीटर हवा पुरते; तेवढ्यात आतला आकडा हॉलपेक्षा फक्त ४०० ने जास्त राहतो. पण उष्णतेला ती पुरत नाही. माणसाचे ७० ते ७५ वॉट, चार्ज होणाऱ्या लॅपटॉपचे ४०-५०, दिव्याचे १०, असे सव्वाशेच्या आसपास वॉट त्या खोक्यात साठतात, आणि भिंती रॉकवूलच्या असल्याने बाहेर जात नाहीत. ४५ घनमीटरवर आतली हवा हॉलपेक्षा आठेक अंश गरम होते. १०० घनमीटरवर हाच फरक साडेतीन-चार अंशांवर येतो. म्हणजे पंखा निवडायचा तो उष्णतेकडे बघून.

संगणकात असतो तसा १२० मिमीचा पंखा खोक्यावर ६० सीएफएम (मिनिटाला ६० घनफूट) सांगतो, म्हणजे तासाला १०२ घनमीटर. हा आकडा मोकळ्या हवेतला. वळणावळणाच्या वाटेतून त्याचा निम्माही प्रवाह मिळत नाही. म्हणून दोन पंखे हवा आत ढकलायला खाली आणि दोन बाहेर ओढायला छतात द्यावेत, १२ व्होल्टचे, अर्ध्या-पाऊण गतीवर. भिंतीला सरळ भोक पाडून पंखा लावला की आवाजालाही सरळ वाट मिळते. हवेची वाट १० × २० सेंमीची, आतून २५ मिमी रॉकवूलने मढवलेली आणि दोन काटकोनी वळणांची असावी. १० × १० ची केली तर वाऱ्याचाच सूंसूं आवाज येतो. आत बसल्यावर पंख्यांचा आवाज ४० डेसिबलच्या खाली हवा, नाहीतर तो माइकमध्ये जातो. आणि बूथ हॉलचीच हवा ओढतो हे ध्यानात ठेवावं. हॉल कोंदट असेल तर बूथही कोंदटच असणार. शिवाय पंखे आणि दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की राउटर चालू असतो, कॉल चालू असतो आणि आतला माणूस अंधारात घामाघूम होतो. पंखे हालचाल ओळखणाऱ्या साध्या सेन्सरवर ठेवले तर माणूस स्थिर बसून ऐकत असतानाच बंद पडतात. रडारवर चालणारा सेन्सर घ्यावा किंवा माणूस निघून गेल्यावरही पंधरा मिनिटं पंखे चालू राहतील असा टायमर लावावा.

दिव्याबद्दल थोडक्यात. छतातला एकच गोल दिवा डोळ्यांखाली काळोख पाडतो. दिवा समोरून, डोळ्यांच्या किंचित वर, दुधी आवरणाचा, ४,००० केल्विनचा (ना पिवळा ना निळसर), सीआरआय ९० चा (सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) हवा. स्वस्त ड्रायव्हरमुळे (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागामुळे) कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या फिरतात. घेण्यापूर्वी फोनच्या कॅमेऱ्यातून पाहावं. बसणाऱ्याच्या पाठीशी काचेचं दार नको. कॅमेऱ्यात येणारे-जाणारे दिसतात, आणि मागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो.

फळी निदान ४० सेंमी खोल असावी, नाहीतर लॅपटॉपचा पडदा मागे झुकत नाही. उंची ७३ सेंमी ठेवून पाठ असलेली खुर्ची द्यायची, की १०५ सेंमी ठेवून उंच स्टूल? आम्ही अर्धे असे, अर्धे तसे सुचवू. स्टूलवर माणूस अर्ध्या तासाच्या वर बसत नाही आणि बूथ मोकळा होतो. पण तासाभराची मुलाखत देणाऱ्याला स्टूलवर बसवणं बरं नव्हे. आत दोन प्लग आणि नेटची एक वायर द्यावी. भिंतींमुळे वाय-फाय थोडं तरी मंदावतंच, आणि कॉल तुटला की बोलणारा दार उघडून बाहेर येतो.

जागा कुठली द्यायची, यावर बूथची निम्मी उपयुक्तता ठरते. सर्वांत चांगली जागा म्हणजे पँट्री आणि शांत हॉल यांच्या मधली रेघ. बूथ एका ओळीत लावून त्यांच्या पाठी हॉलकडे आणि दारं पँट्रीच्या बाजूच्या बोळात ठेवली, की बूथच भिंतीचं काम करतात. दार उघडताना सांडणारं शेवटचं वाक्यही हॉलमध्ये जात नाही. पाठभिंत पँट्रीला चिकटवू नये. मिक्सरची घरघर प्लायमधून आत उतरते. बूथखाली १० मिमी रबराचे तुकडे द्यावेत. दार बाहेर उघडणारं हवं आणि आतून कडी मुळीच नको. छतात स्प्रिंकलर असेल तर त्याच्या तोंडाखाली साधारण अर्धा मीटर मोकळं राहिलं पाहिजे. बूथ २.२ मीटर उंच आणि फॉल्स सीलिंग २.४ मीटरवर, असं अनेक कार्यालयांत असतं, तिथे हे गणित बसत नाही आणि अग्निशमनाच्या तपासणीत अडचण येते.

वजनाचा मुद्दा बंगल्यांत आणि जुन्या फ्लॅटमध्ये चालणाऱ्या को-वर्किंगसाठी महत्त्वाचा. एक बूथ २५० ते ३५० किलोंचा, वर माणूस, आणि हे सगळं एका चौरस मीटरवर. राहत्या घराचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरून केलेला असतो. एकटा बूथ भिंतीलगत तुळईवर ठेवला तर सहसा निभतं. चार बूथ खोलीच्या मधोमध ओळीत मांडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलंच पाहिजे.

पावसाळा हा तयार बूथांचा कच्चा दुवा आहे. पार्टिकल बोर्डाच्या कडा मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फुगतात, दार अडकतं, आणि शनिवार-रविवार बंद राहिलेल्या नमद्याला कुबट वास येतो. बोर्ड मरीन प्लायचा किंवा निदान ओलाव्याला टिकणारा आहे का ते विचारावं. बिजागऱ्या स्टेनलेसच्याच घ्याव्यात, आणि सोमवारी जागा उघडताना पंखे अर्धा तास मोकळे चालवावेत.

पॉडकास्ट आणि व्हॉइस-ओव्हर करणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं: हे बूथ ध्वनिमुद्रणासाठी नाहीत. पंख्याची घरघर आणि ती १७० हर्ट्झची घुमघुम ध्वनिमुद्रणात पकडली जाते. अशा लोकांचा भरणा असेल तर एक स्वतंत्र छोटी खोली जाड शोषक भिंतींची करावी.

प्रत्यक्ष पाहणीला जाताना एक ब्लूटूथ स्पीकर, फोन, उदबत्ती आणि जमल्यास एनडीआयआर पद्धतीचा (अवरक्त किरणांनी मोजणारा) कार्बन डायऑक्साइड मीटर न्यावा. स्पीकरवर बातम्या लावून एक मीटरवर फोनमधल्या ॲपवर आकडा घ्यावा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण एकाच फोनवरचा फरक विश्वासाचा असतो. मग स्पीकर तसाच, त्याच आवाजात, बूथमध्ये ठेवून दार लावावं, पंखा चालू ठेवावा आणि चारही बाजूंनी एक मीटरवरून मोजावं. फरक २५ च्या खाली असेल तर सौदा करण्याची घाई नको. बाहेरची खोली गोंगाटाची असेल तर ही मोजणी फसते. उरलेल्या आवाजापेक्षा पार्श्वभूमी निदान १० डेसिबलने खाली असावी, म्हणून शोरूम बंद होण्याची वेळ गाठावी. नंतर दिवे घालवून आत टॉर्च लावायला सांगा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथूनच आवाज गळतो. उदबत्तीचा धूर खालच्या भोकापाशी आत ओढला गेला पाहिजे, आणि तोही ठळकपणे. शेवटी लॅपटॉप चार्जिंगला लावून वीस मिनिटं आत बसावं. मीटर १,२०० च्या आत आणि तापमान हॉलपेक्षा चार अंशांच्या आत राहिलं, तर बूथ घेण्याजोगा आहे.

किती घ्यायचे? चाळीस आसनांसाठी चार एकटे आणि एक चौघांचा, हा आमचा अंदाज. सकाळी अकराच्या सुमाराला सगळ्या टेक टीमच्या बैठका एकदम असतात, त्यामुळे सरासरीवर जाऊ नये. तयार बूथची किंमत लाखांत असते, त्यावर जीएसटी, वाहतूक आणि चढवणावळ वेगळी. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये २.१ मीटरचा सलग पॅनल जात नाही आणि जिन्याच्या वळणावर काच अडते, म्हणून सर्वांत मोठ्या तुकड्याची मापं लिहून घ्यावीत. पंखे, ड्रायव्हर आणि रबरी पट्टी सुटी मिळतील का, ती बूथ न उघडता बदलता येतात का, हेही कोटेशनमध्येच नमूद करून घ्यावं. आणि पाचही एकदम मागवू नयेत. एक आणून मे महिन्यात चार आठवडे वापरावा, लोक दार लावून बसतात की उघडं ठेवतात ते पाहावं, आणि मग उरलेल्यांची ऑर्डर द्यावी.